मांडीवरचे वाचन

(कुटुंबासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : अनुवाद ६:४–९, नहेम्या ८:१–८, प्रेषितांची कृत्ये १६:१–३, २ तीमथ्य १:३–५ आणि ३:१४–१७



या महिन्याचा पाठ ज्या घरांत लहान लेकरे आहेत त्या घरांसाठी आहे. आणि त्यांतही विशेषेकरून ज्या घरी पुस्तके थोडी, पैसा थोडा आणि वेळ तर त्याहूनही थोडा, अशा घरांसाठी आहे. आपल्या मंडळ्यांत अशी घरे पुष्कळ. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत पाळी करणारे बंधू, चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी दोन-अडीचला पहिला घास घेणाऱ्या भगिनी, शहापूर-वडगावकडची मागावर बसणारी कुटुंबे. आणि थोड्याफार फरकाने हीच स्थिती बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या आपल्या वस्त्यांतूनही आहे. ही माणसे उपासना चुकवीत नाहीत, आपल्या ऐपतीप्रमाणे दानही देतात. पण मुलांना घरी काही वाचून दाखवता काय, असे विचारले की चटकन मान खाली जाते. “आम्ही अडाणी, आम्ही काय वाचून दाखवणार?” हे उत्तर आम्ही घरभेटींत इतक्या वेळा ऐकले आहे की पाठाचा आरंभ तेथूनच करणे बरे.

हे उत्तर एका समजुतीवर उभे आहे. वाचून दाखवणे म्हणजे शिकलेल्याने न शिकलेल्याला काहीतरी देणे, अशी ती समजूत. पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर तेथे निराळे चित्र दिसते.

लुस्त्रातील एक घर

पौलाने तीमथ्याला दुसरे पत्र लिहिले ते बंदिवासातून. आपला जाण्याचा समय जवळ आला आहे हे त्याला ठाऊक होते (४:६). अशा पत्रात माणूस वायफळ काही लिहीत नाही. तरी आरंभीच त्याला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावानिशी आठवण होते, आणि तिसऱ्या अध्यायात तो तीमथ्याला सांगतो की शास्त्राशी तुझी ओळख अगदी बाळ असल्यापासूनची आहे. येथे मूळ ग्रीक शब्द ‘ब्रेफॉस’ असा आहे. लूकाने हाच शब्द गव्हाणीतल्या, बाळंत्यात गुंडाळलेल्या बालकासाठी वापरला आहे (लूक २:१२), आणि त्याआधी अलीशिबेच्या उदरातील गर्भासाठीही (लूक १:४१). म्हणजे पौल पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघालेल्या मुलाविषयी बोलत नाही. मांडीवरच्या तान्ह्या बाळाविषयी बोलत आहे.

आता प्रश्न असा की, मांडीवरच्या बाळाला शास्त्राची ओळख व्हावी कशी? त्या काळी शास्त्र म्हणजे हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या. त्या फार महाग असत, आणि सामान्य घरात त्या असण्याचा संभव कमी. सभास्थानात त्या जपून ठेवीत. लुस्त्रात सभास्थान असल्याचा उल्लेख आपल्याला सापडत नाही. बाप ग्रीक. मुलाची सुंता झालेली नव्हती, यावरून घरातील धर्माचा कारभार आईच्या एकटीच्या हाती नव्हता हे उघड आहे. आणि गावाची भाषा? पांगळ्याला बरे केल्यावर लुस्त्राचे लोक आनंदाने ओरडले ते लुकवनी भाषेत, असे लूक मुद्दाम नोंदवतो (कृत्ये १४:११). बाजारात व कचेरीत ग्रीक, गल्लीत लुकवनी, आणि आजीच्या ओठांवर शास्त्रातल्या कथा. बेळगावच्या वाचकाला हे गाव फारसे परके वाटणार नाही.

लोईस आणि युनीके यांना लिहिता-वाचता येत होते किंवा नाही, हे शास्त्र सांगत नाही. त्या काळात अक्षरओळख असलेल्या स्त्रिया फार थोड्या. तरी देवाचे वचन त्या घरात पोहोचले, आणि ते बाळाच्या कानात शिरले ते मांडीवर बसल्या बसल्या. आमच्या समजुतीप्रमाणे घरच्या वाचनाला तीन गोष्टी लागतात: मांडी, आवाज आणि पुस्तक. यांतल्या पहिल्या दोन अगदी गरीब घरातही आहेत. तिसरी नसेल, तर ती पुरवणे हे मंडळीचे काम आहे. या पाठात आम्हांस सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचा सगळा विस्तार आहे.

वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे

आज आपण वाचन म्हटले की ओठ मिटून एकट्याने बसलेला मनुष्य डोळ्यांसमोर आणतो. शास्त्रात तसे नाही. इब्री भाषेत ‘कारा’ या एकाच क्रियापदाचा अर्थ हाक मारणे असाही होतो आणि वाचणे असाही. कूश देशाचा अधिकारी रथात एकटाच बसून यशया वाचीत होता, तरी फिलिप्पाला ते रस्त्यावरून ऐकू आले (कृत्ये ८:३०). कारण तो मोठ्याने वाचीत होता. प्रकटीकरणाच्या आरंभी जो धन्यवाद आहे तो वाचणाऱ्या एकाला आणि ऐकणाऱ्या अनेकांना मिळून आहे (१:३). आपल्या मराठीतही वाचा आणि वाचन ही एकाच मुळाची पोरे. (जिवानिशी वाचणे हा शब्द वेगळा, जुन्या लेखनात त्याच्या डोक्यावर अनुस्वार असे. तरी आमच्या एका वृद्ध पाळकांना दोन्ही शब्द एकत्र आणून उपदेश करण्याची फार आवड होती, आणि तो ऐकायलाही बरा वाटे.)

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पाण्याच्या वेशीपुढील चौकात नियमशास्त्र वाचतो. पहाटेपासून दुपारपर्यंत. ऐकायला कोण? पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजेल अशी सर्व. लेवी लोक मध्ये फिरून अर्थ समजावून देत होते. अनुवादाच्या ३१ व्या अध्यायात तर मांडवांच्या सणाच्या वाचनाला लेकरांनाही जमवा अशी स्पष्ट आज्ञा आहे. मुले गडबड करतात म्हणून त्यांना बाहेर पाठवा, असे तेथे नाही. आणि समजावून सांगणे हे वाचनाच्या बाहेरचे काम नव्हे, वाचनाचाच तो भाग आहे. आई जेव्हा पुस्तक मध्येच खाली ठेवून “म्हणजे काय झालं माहीत आहे का?” असे विचारते, तेव्हा ती लेव्यांचे काम करीत असते.

शाळेच्या आधी काय घडते

घरी वाचून दाखवल्याने मुलाचे नेमके काय साधते, हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर हा पाठ नुसता उपदेश होईल.

आपण घरी जी मराठी बोलतो ती पुस्तकात नसते. आमच्या सीमाभागात “काय करुलास?” असे विचारतात. पुस्तकातला ससा मात्र “तू काय करीत आहेस?” असे विचारतो. गोव्यात घरी कोंकणी, शाळेत मराठी. हैदराबादेत गल्लीत तेलुगू नाहीतर दखनी. मुलाला पहिलीत अक्षरे शिकवली जातात, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन डोंगर चढावे लागतात: अक्षराचा एक, आणि न ऐकलेल्या भाषेचा दुसरा. ज्याने चार वर्षे पुस्तकातील वाक्ये कानांनी ऐकली आहेत त्याचा दुसरा डोंगर आधीच चढून झालेला असतो. ‘परंतु’, ‘म्हणाला’, ‘तेवढ्यात’ हे शब्द त्याला ओळखीचे असतात. अक्षरे जुळवीत तो अर्ध्यावर आला की पुढचा शब्द त्याला आपोआप सुचतो. ज्याने काहीच ऐकलेले नाही ते मूल ‘प-रं-तु’ असे तिन्ही तुकडे बरोबर वाचते आणि तरी त्याला काही बोध होत नाही. शब्बाथशाळेत आपण याला मठ्ठपणा समजतो. तो मठ्ठपणा नव्हे.

ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा ‘असर’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध होत असतो. २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे तिसरीतल्या १०० मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. बाकीची ७३ मुले शाळेत जातच होती. पटावर त्यांची नावे होती. तेव्हा मुलाला शाळेत घातले म्हणजे आपले काम संपले, असे कोणत्याही आईबापाने समजू नये; आणि पोटाला चिमटा घेऊन महागड्या शाळेची फी भरली म्हणजे संपले, असे तर मुळीच समजू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण शासन करील तेव्हा करील. घरच्या भाषेला घर तर हवे.

लिपीविषयी दोन शब्द, कारण आमचे वाचक अनेक प्रांतांत आहेत. इंदूर, ग्वाल्हेरची मुले शाळेत हिंदी शिकतात. लिपी तीच असल्यामुळे त्यांना मराठी पुस्तक जवळजवळ फुकट मिळते. अडते ते ‘ळ’पाशी, आणि ‘च’, ‘ज’ यांच्या दोन उच्चारांपाशी. असे मूल ‘बाळ’चा ‘बाल’ करील, ‘चांदोबा’चा पहिला ‘चा’ हिंदीसारखा म्हणेल. त्याला हसू नये. पुढच्या वेळी आपण तो शब्द नीट म्हणावा, म्हणजे ते मूल कानांनी उचलते. बडोद्याला गुजराती अक्षरांना शिरोरेघ नाही, पण बरीच अक्षरे बहिणी-बहिणींसारखी आहेत. कन्नड किंवा तेलुगू शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना देवनागरी घरातून मिळाली नाही तर कोठूनच मिळणार नाही. मग उपासनेत स्तोत्र वाचायची वेळ आली की चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून नुसता ओठ हलवतो. दोन वर्षांनी तो उपासनेला येईनासा होतो, आणि आपण म्हणतो, जगाचे वारे लागले.

जिला वाचता येत नाही अशी आई

आता मूळ उत्तराकडे वळू. ज्या आईला अक्षरओळख नाही तिने काय करावे?

तिच्याजवळ ‘उपासना संगीत’ आहे. पुष्कळ घरांत पवित्र शास्त्राखेरीज हेच एक पुस्तक असते. आणि त्यातली वीस-पंचवीस गीते तिला तोंडपाठ असतात, कारण ती तिने आपल्या आईच्या कुशीत ऐकली आहेत. त्यांतले एकच गीत निवडावे. कोणाकडून तरी ते पान काढून घ्यावे, आणि तेथे एक दोरा घालून ठेवावा. रात्री निजताना मुलाला मांडीवर घेऊन ते पान उघडावे, सावकाश गीत म्हणावे, आणि म्हणताना शब्दांखालून बोट फिरवावे. प्रथम बोट मागेपुढे होईल. शब्द एक म्हणत असता बोट दुसऱ्यावर असेल. होऊ द्यावे. ओळ संपली की बोट पुढच्या ओळीवर डावीकडे आणावे, एवढे जरी मुलाने पाहिले तरी ते मोठे शिक्षण आहे. कारण छापलेली काळी रेघ बोलते, आणि ती डावीकडून उजवीकडे बोलते, ही गोष्ट कोणत्याही मुलाला जन्मतः ठाऊक नसते.

दोन-तीन आठवड्यांनी एक गंमत घडते. ‘येशू’ हा शब्द गीतात पुन्हा पुन्हा येतो. तीच दोन अक्षरे, तोच आकार. एके दिवशी मूल स्वतःच बोट ठेवून म्हणते, “हा येशू.” मग दुसऱ्या पानावरचा येशूही ते शोधू लागते. मग ‘प्रभू’ सापडतो. ‘शू’ आणि ‘भू’ यांच्या पायाशी लोंबणारी शेपटी सारखीच आहे, हे मुलांच्या ध्यानात येते. काही घरांत आम्ही असेही पाहिले आहे की मुलाबरोबर आईलाही शब्द ओळखू येऊ लागले. तिने तसे कोणाला सांगितले नव्हते. सुवार्तेतील धडा वाचायला तिला कोणी तरी उभे केले तेव्हा ते मंडळीला कळले.

हे काही नवीन तंत्र नव्हे. पंडिता रमाबाईंच्या (जन्म १८५८) बालपणाकडे पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि पुढे वडील थकल्यावर लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. कुटुंब तीर्थाटन करणारे, हातावर पोट. पुराण वाचून दाखवावे आणि श्रोते देतील त्यावर राहावे, असा त्यांचा निर्वाह होता. घरकामातून सवड अशी पहाटेचीच. तेव्हा आई मुलीला उठवी आणि तोंडी पाठ देई. पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि भाषा मुद्दाम अशी सोपी ठेवली की साध्या बायाबापड्यांना ऐकून समजावी. १९२२ साली त्या ख्रिस्तवासी झाल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली तेथल्याच छापखान्यातून, तेथल्याच स्त्रियांच्या हातून छापून निघाला. ऐकून समजावी, हा निकष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आईच्या तोंडून शिकलेल्या बाईला तो सुचला, यात आम्हांस नवल वाटत नाही.

गीताखेरीज दुसरा मार्ग चित्रांचा. चित्रे असलेले लहान पुस्तक घ्यावे, आणि ज्या आईला अक्षरे येत नाहीत तिने चित्रावरून आपल्या शब्दांत गोष्ट सांगावी. पान उलटावे, मुलाला उलटू द्यावे. “हा कोण? कुठं चाललाय? आता याला काय होईल?” चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे, ही गोष्ट सांगायला कोणत्या मराठी आईला पुस्तक लागते? पण हातात पुस्तक धरून सांगितली तर मुलाला पुस्तकाची गोडी लागते. कोणी म्हणेल, हे खोटे वाचन झाले. आमच्या मते तसे नाही. आपल्याला अक्षरे येतात असा आव तिने आणू नये. मुलाने विचारले तर “मला अक्षरं येत नाहीत, तू शिकून मला वाचून दाखव” असे सरळ म्हणावे. मुलाला याची लाज वाटत नाही, उलट फुशारकी वाटते.

तिसरा मार्ग थोरल्या भावंडाचा. चौथी-पाचवीतल्या मुलीने धाकट्याला वाचून दाखवावे आणि आईने भाकऱ्या थापता थापता ऐकावे. ऐकणे हे काम आहे. आई मध्येच “मग? पुढं?” असे विचारते तेव्हा वाचणारीला जोर येतो. मात्र थोरली अडखळली तर वडिलांनी तेथल्या तेथे तिची हजेरी घेऊ नये. पाळीवरून दमून आलेल्या माणसाचा तोल लवकर जातो, हे आम्ही जाणतो. पण एकदा वाचनावरून मार बसला की ते पुस्तक त्या घरात पुन्हा उघडत नाही. बापाने स्वतः पाच मिनिटे वाचले तर सोन्याहून पिवळे. तीमथ्याच्या बापाविषयी शास्त्र तो ग्रीक होता यापलीकडे काही सांगत नाही, आणि हे मौन आपल्याकडच्या पुष्कळ बापांना लागू पडेल.

वेळ, जागा आणि मोबाईल

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांत ‘निवांत असताना’ अशी वेळ नाही, ही गोष्ट मजुरी करणाऱ्या माणसाने ध्यानात घ्यावी. दहा मिनिटे पुरेत. एकाच खोलीत सासू, दीर, दूरदर्शन संच आणि शेगडी असली तरी निजण्यापूर्वीची दहा मिनिटे काढता येतात. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून चारदा. वाटेने चालताना बसची पाटी, दुकानाची पाटी. घरी बसलेले असताना चहाचा पुडा, तांदळाची पिशवी, भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ आणि मंडळीचे वचनांचे कॅलेंडर. वचने दारांच्या चौकटींवर लिहा असे मोशे सांगतो. आपल्या भिंतींवर ती छापून टांगलेली आहेत, फक्त त्यांकडे कोणी बोट दाखवीत नाही.

मूल तेच पुस्तक पुन्हा मागेल. विसाव्यांदा मागेल. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तेच पुस्तक खुशाल वाचावे, कारण पाठ झालेल्या गोष्टीतूनच अक्षर उमलते. वर्षाचे बाळ पुस्तक तोंडात घालील, पान फाडील. त्याला जाड पुठ्ठ्याचे पुस्तक द्यावे, किंवा जुन्या लग्नपत्रिका शिवून घरीच करावे. गोष्ट संपल्यावर परीक्षा घेऊ नये. आमच्या शब्बाथशाळांना पाठांतराच्या स्पर्धांचा फार सोस आहे. चार वर्षांचे मूल अर्थ न कळता दहा वचने घडाघडा म्हणते आणि बक्षीस घेते, आणि ज्याच्या घरी पाठ करून घ्यायला कोणी नाही ते मागच्या बाकावर गप्प बसते. वचने पाठ असावीतच. पण त्यावर बक्षीस हवेच कशाला?

मोबाईलविषयी विचारले जाते. तो आता गरीब घरातही आहे आणि त्याचा उपयोग होतो. ‘स्टोरीवीव्हर’ या नावाच्या संग्रहात, जो ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ साली सुरू केला, मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात, आणि शब्बाथशाळेच्या एका शिक्षकाने त्या घरोघर दाखवून दिल्या तर पैशाचा प्रश्न पुष्कळ सुटतो. पण मोबाईल मुलाच्या हाती देऊन आपण भांडी घासायला जावे, याला वाचून दाखवणे म्हणता येत नाही. मोबाईलमधला आवाज गोष्ट सांगतो, पण मुलाने “का?” विचारले तर थांबत नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता (लूक २:४६). ऐकणे आणि विचारणे यांची जोडी तुटता कामा नये.

मंडळीच्या कपाटाचे कुलूप

आता पाळक, वडीलजन आणि महिला संघ यांच्याकडे वळतो, कारण तिसरी गोष्ट, म्हणजे पुस्तक, त्यांच्या हाती आहे.

शब्बाथशाळा हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्यातला ‘शाळा’ आपल्याला ऐकूच येत नाही. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी ही चळवळ हाती घेतली, ती आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरिबांच्या पोरांना रविवारी वाचायला शिकवण्यासाठी. वाचन आधी, उरलेले सगळे त्याच्या पाठीमागून आले. आपल्या मंडळ्यांत चाळीस मिनिटांच्या शब्बाथशाळेत दहा मिनिटे हजेरी, दहा मिनिटे गीत, आणि मग शिक्षक बोलतो. मुलांच्या हाती पुस्तक येतच नाही.

पुष्कळ जुन्या मंडळ्यांत पुस्तकांचे एक कपाट असते. त्याची किल्ली एका वडिलांकडे असते, आणि पुस्तके हरवतील या भीतीने ते कपाट वर्षानुवर्षे उघडत नाही. अमेरिकेतील बॉस्टन सिटी हॉस्पिटल या रुग्णालयात गरीब वस्तीतील मुले येत. तेथील बालरोगतज्ज्ञांनी बाहेर बसण्याच्या खोलीत चित्रांची पुस्तके ठेवली, तर ती नाहीशी होऊ लागली. त्यांनी कुलूप आणले नाही. या घरांना पुस्तके हवी आहेत आणि ती त्यांच्याकडे नाहीत, असा त्यातून अर्थ घेतला, आणि १९८९ सालापासून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाळाला डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने एक पुस्तक द्यायचे आणि ते कसे वाचून दाखवावे हे आईला दोन मिनिटांत दाखवायचे, असा प्रघात पाडला. पुढे तो त्या देशात सर्वत्र पसरला. यात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की पुस्तक नुसते वाटले नाही. ज्याच्यावर आईचा विश्वास आहे अशा माणसाने ते दिले आणि कसे वापरावे ते करून दाखवले.

आपल्याकडे हे काम पाळकाला जमण्यासारखे आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या वेळी प्रमाणपत्र देतो, त्याबरोबर एक चित्रांचे पुस्तक द्यावे. घरभेटीत प्रार्थनेपूर्वी पाळकाने मुलाला जवळ घेऊन दोन पाने वाचावीत; आई पाहत असते. महिला संघाने एका पिशवीत दहा-बारा पुस्तके भरून ती पिशवी घरोघर फिरवावी, दर घरी पंधरा दिवस. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त असतात. फाटेल ते फाटेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे: मंडळीने ससा-कासवाची पुस्तके का वाटावीत? शास्त्रकथांची पुस्तके द्यावीतच. टोपलीतला मोशे, झाडावर चढलेला जक्कय, पाच भाकरी आणणारा मुलगा, हरवलेले मेंढरू, या गोष्टी तीन वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर दिसतात. पण प्रभूने स्वतः चिमण्यांविषयी, पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीविषयी आणि पिठातल्या खमिराविषयी सांगितले आहे. आणि जे मूल सशाच्या गोष्टीत रमत नाही ते लेवीयमध्ये रमणार नाही. शिवाय शेजारची हिंदू, मुसलमान मुलेही त्या पिशवीभोवती जमतील. त्यांना परत पाठवू नये.

चर्चेसाठी

कुटुंबांच्या सभेत शास्त्रभाग मोठ्याने वाचून झाल्यावर पुढील गोष्टींवर बोलावे. आपल्या लहानपणी आपल्याला कोणी काही वाचून वा सांगून दाखवले, आणि ते कोणत्या भाषेत? लोईस व युनीके यांना कोणकोणत्या अडचणी आल्या असतील, आणि त्यांतल्या कोणत्या आपल्या घरी आहेत? आपल्या मंडळीत वाचता न येणाऱ्या मातापित्यांना उपासनेत कधी लाज वाटेल असे आपण काही करतो काय? या तिसऱ्या प्रश्नाला सभेतल्या शिकलेल्या माणसांनी आधी उत्तर देऊ नये. इतरांना बोलू द्यावे.

महिनाभरासाठी प्रत्येक घराने एक गीत किंवा एक चित्रांचे पुस्तक निवडावे आणि आठवड्यातून निदान चार रात्री ते उघडावे. पुढच्या सभेला येताना ते पुस्तक मुलाच्या हाती देऊन आणावे, पाने सुटलेली असली तरी. महिला संघाने त्या दिवशी गव्हाच्या पिठाची खळ आणि जुन्या कॅलेंडरचे कागद तयार ठेवावेत; सभा सुरू होण्यापूर्वी मुलांनीच आपापली पुस्तके चिकटवून घ्यावीत.